सोबत लिहिणाऱ्यांची ओळख : परिचय-पुस्तिका काढू इच्छिणाऱ्या लेखनमंडळांसाठी माहितीपत्रक

आमच्या अक्षरजुळणी व छपाई केंद्रात गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकारचे ग्राहक येऊ लागले आहेत. ते लेखनमंडळ चालवतात, पण मंडळाची बैठक कोणाच्या घरी किंवा वाचनालयात भरत नाही. सदस्य नांदेड, रत्नागिरी, इंदूर, मस्कत अशा दूरदूरच्या ठिकाणी असतात आणि फोनवरच एकमेकांच्या कथा-कविता वाचतात. वर्ष-दोन वर्षे असे लिहून-वाचून झाले की आपल्या सदस्यांची ओळख करून देणारी एक छापील पुस्तिका असावी, असे त्यांना वाटू लागते. ही इच्छा आम्हाला मोलाची वाटते. म्हणूनच मजकूर घेऊन आमच्याकडे येण्यापूर्वी मंडळाने कोणती तयारी करावी, हे येथे सविस्तर सांगत आहोत.

सर्वांत मोठी अडचण छपाईची नसून मजकुराची असते. बहुतेक मंडळे प्रत्येक सदस्याकडून त्याचाच परिचय मागवतात, आणि मग जन्मगाव, शिक्षण, नोकरी, मिळालेले पुरस्कार आणि ‘वाचन व प्रवासाची आवड’ एवढ्यावर पान संपते. तीस पाने वाचूनही कोण काय लिहितो ते कळत नाही. एका मंडळाच्या पुस्तिकेत निवृत्त शिक्षिका असलेल्या एका सदस्यांचा परिचय असाच आला होता. आमच्या विनंतीवरून त्यांच्याच मंडळातील दुसऱ्या सदस्याने त्यांच्या तीन कथा पुन्हा वाचल्या आणि लिहिले : ‘यांच्या कथेत ओसरीवर वाळत घातलेल्या कुरडयांची राखण करणारी एक मुलगी आहे. कावळे हाकलता हाकलता ती घरातल्या भांडणाचा शब्दन् शब्द ऐकते, आणि संध्याकाळी आईने काय ऐकलेस असे विचारल्यावर कुरडया मोजून दाखवते.’ हा मजकूर पहिल्या परिचयाहून लहान होता, पण तो वाचून आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी ती कथा मागून घेतली. परिचय लिहिताना हेच साधायचे असते.

त्यामुळे आमची पहिली सूचना अशी की, कोणीही स्वतःचा परिचय स्वतः लिहू नये. मंडळाने चिठ्ठ्या टाकाव्यात, ज्याच्या वाट्याला जे नाव येईल त्या सदस्याचे किमान तीन लेखन-नमुने त्याने वाचावेत आणि दीडशे ते दोनशे शब्दांत लिहावे. स्नेह असलेल्यांनी एकमेकांना निवडून घेतले तर चार-पाच जणांचीच पुनःपुन्हा वाखाणणी होते आणि क्वचित लिहिणारे, प्रतिक्रिया न देणारे, वयाने मोठे किंवा फोन जपून वापरणारे सदस्य मागे राहतात. चिठ्ठीमुळे त्यांनाही एक मनापासूनचा वाचक मिळतो. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘शब्दांवर प्रभुत्व’ हे शब्द परिचयात येऊ देऊ नयेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. त्यांच्या जागी लेखनातली एखादी वस्तू, एखादा प्रसंग किंवा एखादी ओळ यावी.

मराठीत अशा ओळखीची परंपरा जुनी आहे. बहिणाबाई चौधरी लिहायला शिकलेल्या नव्हत्या. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेल्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि नात्यातल्यांनी टिपून ठेवल्या. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः नामवंत कवी होते, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. टिपून ठेवणारा एक आणि मोल ओळखून सर्वांपुढे मांडणारा दुसरा, अशा दोघांमुळे ती गाणी आपल्यापर्यंत आली, आणि आपल्या मंडळातही या दोन्ही कामांसाठी माणसे लागतात. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले तेही 1907 मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात, म्हणजे जमलेल्या कवींच्या देखतच. पुण्यात 1923 मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले. त्यातील माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही नावे आज सहज आठवतात, पण त्याच मंडळातील मनोरमा रानडे यांचे नाव अनेकांना सांगावे लागते. चिठ्ठीचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीच.

कोण राहून गेले, हा प्रश्न आणखी जुना आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. 1885 मध्ये दुसऱ्या सभेचे निमंत्रण आले, तेव्हा जोतीराव फुले यांनी पत्र लिहून ते नाकारले. शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क न देणाऱ्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आपला मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. लेखकांना एकत्र आणणाऱ्या प्रत्येकाने ते पत्र एकदा तरी वाचावे, असे आम्हाला वाटते. अनुक्रमणिका पक्की करण्यापूर्वी मंडळाने सदस्यांची पूर्ण यादी समोर ठेवून प्रत्येक नावावर बोट ठेवावे आणि ज्यांचा मजकूर आलेला नाही त्यांना फोन करावा. संदेश पाठवून थांबू नये.

भाषेविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मुद्रितशोधन करताना आम्ही प्रमाण मराठीचे नियम पाळतो, मात्र कोणी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा आपल्या घरच्या बोलीत लिहिले असेल तर त्या ओळींना आम्ही हात लावत नाही. असे उतारे मंडळाने आधीच खूण करून द्यावेत, अन्यथा ‘मन वढाय वढाय’मधला ‘वढाय’ आमच्या टेबलावर ‘ओढाळ’ होण्याची भीती असते.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात संदिग्धता नाही. मंडळात टाकलेली कविता मंडळाची होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तिचा हक्क सामान्यतः लेखकाकडे राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांकडे असतो. परीक्षण किंवा समीक्षा म्हणून दोन-चार ओळी उद्धृत करण्यास कायद्यात मुभा आहे. संपूर्ण कविता किंवा कथा छापायची असेल तर लेखी संमती घ्यावी. कवीचे नाव, पुस्तिकेचे नाव आणि ‘माझी ही रचना छापण्यास माझी संमती आहे’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

नावांच्या बाबतीत मात्र कितीही काळजी घेतली तरी ती थोडीच. काही वर्षांपूर्वी एका पुस्तिकेत एका कवयित्रींच्या कवितेखाली त्यांच्या शेजारच्या पानावरील कवयित्रींचे नाव आमच्याकडून छापले गेले. सर्व प्रती बांधून तयार होत्या. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण ही त्यांची छापील झालेली पहिलीच कविता होती, हे आम्हाला नंतर कळले. आम्ही ते पान पुन्हा छापले आणि प्रत्येक प्रत उसवून नव्याने बांधून दिली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक सदस्याकडून त्याचे नाव त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात मागवतो. टोपणनाव वापरायचे की मूळ नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये घ्यायचे की नाही, ‘स्मिता’ की ‘स्मीता’, हे सर्व त्या कागदावरून ठरते. नावांचा क्रम अकारविल्हे ठेवावा आणि पदाधिकाऱ्यांसाठी वेगळा क्रम लावू नये. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घ्यायचे की ‘क’ आणि ‘ज’ खाली, हे आधीच ठरवावे, म्हणजे ‘क्षमा’ आणि ‘ज्ञानेश्वर’ यांना ऐन वेळी इकडून तिकडे हलवावे लागत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये द्यावा. जुन्या टंकांतला मजकूर बदलून घेताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला ‘र’ तुटतो; कवितेत अशी चूक चटकन नजरेस येत नाही. डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराच्या एका पानावर बारा पॉइंटच्या अक्षरात साधारण अडीचशे शब्द बसतात, म्हणजे परिचयाखाली त्या सदस्याच्या आठ-दहा ओळी सहज घेता येतात. पिन-बांधणीच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात. सव्वीस सदस्य असतील तर मुखपान, अनुक्रमणिका आणि निवेदन धरून बत्तीस पानांची पुस्तिका नेटकी होते.

प्रकाशनाला प्रमुख पाहुणे बोलवावेत की नाही, हा मंडळाचा प्रश्न आहे. परंतु ज्याने ज्याचा परिचय लिहिला त्यानेच त्याच्या लेखनातला एक उतारा उभे राहून वाचावा आणि मूळ लेखकाने तो श्रोत्यांत बसून ऐकावा, अशी पद्धत आमच्या काही ग्राहकांनी सुरू केली आहे आणि ती आम्हाला फार आवडली. आपली ओळ दुसऱ्याच्या आवाजात ऐकण्याची संधी लिहिणाऱ्याला क्वचितच मिळते. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला प्रकाशन करायचे असेल तर मजकूर जानेवारीअखेर आमच्याकडे यावा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत दिवाळी अंकांचे काम असते, त्या काळात पुस्तिकेसाठी दोन महिने हाताशी ठेवावेत.

अक्षरजुळणी झाल्यावर आम्ही दोन मुद्रिते, म्हणजे चुका तपासण्यासाठीच्या प्रती, देतो. पहिले मंडळाकडे जाते. दुसऱ्यातील प्रत्येक पान, ते ज्याच्याविषयी आहे त्या सदस्याला स्वतंत्रपणे पाठवले जाते, आणि त्या पानावर त्याची सही आल्याखेरीज ते छपाईला घेतले जात नाही.