पंच (इंग्रजी शब्द)

ठोसा, भोक पाडायचे हत्यार, एक पेय आणि बाहुल्यांच्या खेळातला नाकाड्या विदूषक, या चौघांनाही इंग्रजीत ‘पंच’च म्हणतात. शब्दकोशात शेजारी बसले तरी त्यांचे कूळ एक नाही.

ठोसा आणि भोक मात्र भाऊबंद आहेत. दोघांचे मूळ ‘टोचणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत असून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘पॉइंट’ आणि आपल्या सायकलीचे ‘पंक्चर’ त्याच घरातले. आधी हा शब्द काठीने डिवचण्यासाठी होता. मुठीचा मार नंतर आला. अमेरिकेतल्या गुराख्यांना ‘काउपंचर’ म्हणतात ते या डिवचण्यामुळेच. १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथने भोके पाडलेली कार्डे यंत्राने मोजली आणि ‘पंच कार्ड’ जगभर गेले. हल्ली कचेरीत ‘पंच केलं का?’ असे विचारतात तेव्हा नुसता अंगठा टेकवायचा असतो; भोक गेले, शब्द राहिला.

पेयाचा उगम वादाचा आहे आणि आपल्याला जवळचाही. इंग्रजीत त्याचा उल्लेख १६३२पासून, ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या लिखाणात सापडतो. मुंबई-सुरतेत राहिलेला आणि जुन्नरलाही जाऊन आलेला डॉक्टर जॉन फ्रायर १६९८च्या ग्रंथात सांगतो की, पाच जिनसांचे म्हणून या पेयाला हिंदुस्थानी ‘पाच’वरून हे नाव पडले. दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला असे पाच सहसा मोजतात. ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, पण निर्विवाद नाही. जुन्या कृतींत जिनसा नेहमी पाचच नसत, शिवाय तेव्हाच्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार ‘पुंच’सारखा होता. म्हणून काही अभ्यासक त्याचा संबंध दारूच्या पिंपाच्या ‘पंचन’ या नावाशी जोडतात. फ्रायर बरोबर असेल तर गंमत अशी की, इंग्रजी ‘फाइव्ह’ आणि आपला ‘पाच’ मुळात एकाच इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज, म्हणजे इंग्रजीने आपलाच चुलतभाऊ पेल्यात घालून घरी नेला.

विदूषक इटलीचा. नेपल्सच्या रंगभूमीवरचा पुल्चिनेला लंडनला आला. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सने ९ मे १६६२ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचा खेळ पाहिल्याची नोंद आहे. पुढे ‘पंच’ एवढेच नाव उरले आणि १८४१मध्ये लंडनच्या विनोदी साप्ताहिकाने ते घेतले. संस्थापक संपादकांत मार्क लेमन होते, तेव्हा लिंबाशिवाय पंच कसले, अशी कोटी झाल्याचे सांगतात.

त्या साप्ताहिकाचे अनुकरण हिंदुस्थानात झाले: लखनौचे उर्दू ‘अवध पंच’ (१८७७), ठाण्याचे मराठी ‘हिंदू पंच’. देवनागरीत मात्र या नावाचे दोन अर्थ लागतात. सरपंचातला आणि पंचनाम्यातला ‘पंच’ आपल्याकडे आधीपासून होताच. त्यामुळे ठाण्याच्या अंकावर छापलेला पंच खिल्ली उडवणारा की निवाडा देणारा, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.