खरपूस व्हायचं तर आधी पाणी जायला हवं

चिकन आणि भाज्या एकाच ट्रेमध्ये घालायच्या, ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा आणि पस्तीस-चाळीस मिनिटांनी जेवायला बसायचं. ऑफिसवरून उशिरा घरी येणाऱ्यांसाठी हा फार सोयीचा बेत आहे. पण पहिल्या दोन-तीन वेळा ट्रेमधून जे बाहेर येतं ते बहुतेकदा भाजलेलं नसतं, उकडलेलं असतं. चिकन फिकट, बटाटे ओलसर आणि तळाशी पातळ पाण्याचं तळं. मसाला कमी पडला असं वाटून पुढच्या वेळी मसाला वाढवला जातो. दोष मात्र मसाल्याचा नसतो, पाण्याचा असतो.

ट्रेमध्ये किती पाणी असतं ते आधी पाहू. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, गाजर आणि कांद्यात ८८-८९ टक्के, ढोबळी मिरचीत ९० टक्क्यांहून जास्त. चिकनच्या कच्च्या मांसातही ७५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे हाडासकट ६०० ग्रॅम चिकन आणि ५५० ग्रॅम भाज्या घेतल्या, तर वरून एक थेंबही न घालता ट्रेमध्ये पाऊण लिटरच्या आसपास पाणी आलेलं असतं. ते सगळं घालवायचं नाहीच, नाहीतर उरेल काय? घालवायचं आहे ते फक्त पृष्ठभागावरचं. आत रस आणि बाहेर कोरडेपणा, एवढंच साधायचं असतं.

१ ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला मात्र आणखी ५४० कॅलरी लागतात, म्हणजे सातपटीहून जास्त. त्यामुळे ओव्हनचा काटा २२० वर असला तरी चिकनचा ओला पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. आलेली उष्णता वाफ करण्यातच खर्च होते. वाटणासाठी कांदा परतताना हे रोज दिसतं. आधी तो पाणी सोडतो, नुसता मऊ आणि पारदर्शक होतो. कढईतली चरचर कमी झाली की मगच तो रंग धरू लागतो, आणि एकदा धरला की बघता बघता तांबूस होतो.

हा तांबूस रंग आणि खमंग वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो, तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. लुई-कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती प्रथम मांडली. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखरा एकमेकांशी जोडल्या जातात आणि त्यातून शेकडो नवे सुवासिक पदार्थ तयार होतात. ही क्रिया कमी तापमानालाही होते, पण अतिशय सावकाश. स्वयंपाकाच्या वेळात ती दिसावी असं वाटत असेल तर पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जायला हवा. ओला पृष्ठभाग तिथे पोचत नाही, इतकं साधं गणित आहे.

म्हणून सगळ्यात पहिली काळजी जागेची. ३० लिटरच्या आसपासच्या घरगुती ओटीजीचा (ओव्हन-टोस्टर-ग्रिलचा) ट्रे साधारण एक फूट लांब-रुंद असतो. त्यात हाडासकट चार थाय पीस (६०० ग्रॅम), दोन मध्यम बटाटे (२५० ग्रॅम), दोन गाजरं (१५० ग्रॅम) आणि दोन कांदे (१५० ग्रॅम) एवढंच नीट बसतं. तीन माणसांचं जेवण झालं. तुकडे एका थरात हवेत आणि मधूनमधून ट्रेचा तळ दिसायला हवा. तुकडे एकमेकांना चिकटून किंवा एकावर एक बसले की खालच्यांची वाफ वरच्यांना लागते आणि बाजू कोरड्या व्हायला वावच राहत नाही. पाच-सहा माणसं असतील तर त्याच ट्रेमध्ये कोंबू नका, दोन घाणे करा.

पीस कुठला घ्यायचा याला फार महत्त्व आहे. भाज्यांबरोबर एकाच वेळी भाजायला थाय किंवा तंगडीच बरी. मांडी आणि पाय हे चालण्याचे स्नायू, त्यामुळे त्यांत संयोजी ऊतक, म्हणजे कोलॅजेन, जास्त असतं. ७० अंशांच्या पुढे कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं, आणि जिलेटिन मांसाला लुसलुशीत ठेवतं. म्हणून थाय ८० ते ८५ अंशांपर्यंत गेली तरी बिघडत नाही, उलट सुधारते. छातीच्या मांसात कोलॅजेन अगदी थोडं असतं. तिथे ७० अंशांच्या आसपास स्नायूंमधलं अ‍ॅक्टिन हे प्रथिन आकसतं, पाणी पिळून बाहेर पडतं, आणि ८० अंशांना ती छाती कापसासारखी लागते. बोनलेस ब्रेस्टच हवी असेल तर ती पहिल्यापासून ट्रेमध्ये टाकू नका. भाज्या १२ ते १५ मिनिटं पुढे जाऊ द्या, मग ठेवा.

आपल्याकडे दुकानात चिकन बहुधा पिसांबरोबर स्किन ओढून काढूनच मिळतं. सांगितलं तर विथ स्किनही देतात. भाजायला स्किन असलेलं उत्तम, कारण तिच्याखालची चरबी वितळून मांसावरून आणि बटाट्यांवरून ओघळते, आणि स्किन स्वतः पातळ असल्याने लवकर कोरडी होऊन कुरकुरीत होते. स्किन नसेल तर उघडं मांस वरून चामट होऊ शकतं, म्हणून तेलाचा हात हवाच. चिकन आणि भाज्या मिळून दोन मोठे चमचे तेल पुरतं.

मिठाची वेळ चुकते ती इथे. १ किलोला १० ग्रॅम, म्हणजे ६०० ग्रॅम चिकनला चहाचा एक सपाट चमचा मीठ घ्या. मीठ लावल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मांसातलं पाणी बाहेर येतं आणि पीस ओलेचिंब दिसतात. तासाभरात तेच खारं पाणी पुन्हा आत मुरतं, स्नायूंमधली काही प्रथिनं सैल करतं, आणि भाजताना ते मांस पाणी जास्त धरून ठेवतं. म्हणजे एक तर मीठ ट्रेमध्ये ठेवण्याच्या क्षणी लावा, नाहीतर निदान तासभर आधी. मधल्या वेळेत लावणं सगळ्यात वाईट. कामावर जाणाऱ्यांना सोपं म्हणजे सकाळी निघताना पीस कागदाने टिपून, मीठ चोळून, पसरट भांड्यात झाकण न घालता फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवून द्यायचे. खालच्या अशासाठी, की चुकून थेंब गळला तर तो दुसऱ्या अन्नावर पडू नये. फ्रिजमधली हवा कोरडी असते. संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग हाताला कागदासारखा कोरडा लागतो. अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

कच्चं चिकन नळाच्या धारेखाली मात्र धुवू नये. उडालेल्या शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर जातात. त्यांना मारायचं काम ओव्हनची उष्णता करते, पाणी नाही.

दह्यात मुरवायची सवय असेल तर दह्याऐवजी चक्का वापरा, दोन मोठे चमचे. दह्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ते सगळं आधी उडवावं लागतं. चक्क्यात प्रथिनं राहतात, थोडी साखरही राहते, त्यामुळे रंग छान येतो. थर पातळ हवा, लपेटा नको.

आता भाज्या. तुकड्याची जाडी दुप्पट केली की उष्णता मध्यापर्यंत पोचायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. चिकन शिजलं आणि बटाटा कच्चा, ही तक्रार बहुतेकदा सुरीपाशीच सुरू झालेली असते. बटाटे एक इंचाचे, गाजर अर्ध्या ते पाऊण इंचाचं, कारण गाजर मऊ व्हायला बटाट्याहून जास्त वेळ घेतं. कांद्याच्या उभ्या चार फोडी करा आणि मुळाकडचा भाग कापून टाकू नका. तो असला की पाकळ्या सुटत नाहीत आणि जळत नाहीत. ढोबळी मिरची सुरुवातीपासून घातली तर लगदा होतो, ती नंतर घालायची. भाज्यांना मीठ अर्धा चमचा, तेही ट्रेमध्ये टाकताना. आधी लावलं तर त्या पाणी सोडत बसतात.

लिंबू, टोमॅटो, चिंच यांना आधी हात लावू नका. भाज्यांच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. ८५ अंशांच्या पुढे पेक्टिन सुटू लागतं आणि भाजी मऊ पडते. आंबट वातावरणात पेक्टिन सुटायला खूप वेळ लागतो. ‘कोकम भाजी शिजल्यावरच घालायचं’ हे घरोघरी सांगितलं जातं ते याच कारणाने. लिंबू पिळायचं ते ट्रे बाहेर आल्यावर.

ओटीजी दोन्ही रॉड चालू ठेवून, रिकामा ट्रे मधल्या जाळीवर ठेवून, २२० अंशांना १५ मिनिटं तापवा. पंखा असेल तर २०० पुरे. ट्रे तापवण्याचं कारण असं की हवा उष्णतेची फार दुर्बळ वाहक आहे, पाण्यापेक्षा वीसपटीहून कमी. तापलेल्या पत्र्याचा थेट स्पर्श मात्र लगेच काम करतो. तेल लावलेले बटाटे कापलेली बाजू खाली करून ठेवले की चर्र आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर ट्रे पुरेसा तापलेला नाही. काळा ट्रे चकचकीत ट्रेपेक्षा उष्णता जास्त शोषतो, म्हणून त्यात तळ लवकर तांबूस होतो. बटाटे कडेला, कांदा मध्ये, त्यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवून चिकन. मिरपूड, धणे-जिरे पूड, हळद सुरुवातीला चालते. लाल तिखट आणि किसलेला लसूण एवढ्या तापमानाला करपून कडवट होतात. लसूण सालीसकट अख्ख्या पाकळ्यांचा घाला, तिखट चमचाभर तेलात कालवून शेवटच्या दहा मिनिटांत लावा.

वीस मिनिटांनी दार उघडा. साठलेली वाफ तोंडावर येते, तेवढा चेहरा बाजूला ठेवा. तळाशी पाणी दिसलं तर ट्रे किंचित कलता करून ते डावाने वाटीत काढा आणि वाटी बाजूला ठेवा. त्यात चव असते. भाज्या उलटा, चिकन हलवू नका, ट्रेची मागची बाजू पुढे करा, ढोबळी मिरची टाका. हे सगळं मिनिटाच्या आत उरकायला हवं, कारण छोट्या ओव्हनची उष्णता दार उघडताच झपाट्याने जाते.

आणखी १२ ते १५ मिनिटांनी मांसाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता, स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसा. ७४ अंश म्हणजे खायला सुरक्षित. थाय असेल तर ८० पर्यंत जाऊ द्या. रंगावर विसंबू नका. ब्रॉयलर कोंबड्या अवघ्या पाच-सहा आठवड्यांच्या असतात, त्यांची हाडं सच्छिद्र असतात, आणि आतल्या मज्जेतला तांबडा रंग झिरपून हाडाजवळचं मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबी दिसू शकतं. उलट पांढरं दिसणारं मांसही आतून कमी तापलेलं असू शकतं.

बटाटे मात्र सोनेरी झाले की थांबवा, काळपट होऊ देऊ नका. १२० अंशांच्या पुढे पिष्टमय पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड हे नको असलेलं रसायनही तयार होतं, आणि रंग गडद होईल तसं ते वाढतं. थंडीत साठवलेल्या बटाट्यांत स्टार्चची साखर होते, म्हणून ते गोडसर लागतात आणि फार लवकर काळवंडतात. भाजण्यासाठी असे बटाटे घेऊ नयेत आणि घरचेही फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

ट्रे बाहेर काढल्यावर पाच मिनिटं तसाच राहू द्या, मग चिकन आणि भाज्या ताटात काढा. तळाला तपकिरी खरपुडी चिकटलेली असेल. मघाशी हाकलून दिलेलं पाणी आता परत हवं आहे. वाटीत काढलेला रस थोडा उकळून घ्या, त्यात पाव वाटी गरम पाणी मिसळा, ट्रेमध्ये ओता आणि लाकडी उलथन्याने खरवडा. पाणी लगेच तांबूस होतं, जिलेटिनमुळे किंचित दाटही होतं. अर्ध्या लिंबाचा रस घालून तेच चिकनवर ओता. ट्रे काचेचा असेल तर गार पाणी चुकूनही घालू नका, काच तडकते.