टूथपेस्टने हेडलाइट उजळतो, पण टिकत नाही

‘टूथपेस्ट लावून घासा, हेडलाइट नवाकोरा होतो,’ हा सल्ला साताऱ्यात पोवई नाक्यापासून गावच्या पारापर्यंत वर्षानुवर्षं फिरतोय. घासल्यावर काच लख्ख दिसते, हे खरं. पण ती काच नसतेच. आजच्या बहुतेक गाड्यांत ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. उन्हातल्या अतिनील किरणांपासून ते वाचावं म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ, कडक थर चढवलेला असतो. हा थर उन्हाने झिजला की खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्टमधली बारीक पूड वरचा धुरकट पापुद्रा खरवडते, एवढंच. उघडं प्लास्टिक पुन्हा उन्हात तापतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं पिवळट होतं. रात्री पावसात खंबाटकी घाट ओलांडणाऱ्याला हे परवडणारं नाही.

घरी नीट करायचं तर आधी भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावा. मग १०००, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर; नंबर मोठा तसा तो बारीक) क्रमाने घासा, सतत पाणी मारत. घाई करू नका. आधीचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नये. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडं करून अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारा. लोक नेमकी हीच पायरी टाळतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

पेट्रोलने पुसणं तर सोडाच, त्याने प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात. आतून पाणी धरत असेल तर सील तपासून घ्या. तिथे बाहेरून घासण्याचा काही उपयोग नाही.