इंजिनाची बॅटरी आणि मुक्कामाची बॅटरी: एएच सारखे, काम वेगळं

व्हॅनमध्ये बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लॅपटॉप, पंखा आणि छोटा फ्रीज चालवायला इंजिनाचीच बॅटरी जरा मोठी टाकली तर? मुक्कामासाठी वेगळी मिळते तीही १२ व्होल्ट, इंजिनाची हीही १२ व्होल्ट. तिच्यात शिसं आणि ॲसिड, हिच्यातही तेच. दुकानदारही बिनधास्त सांगतो, ‘शंभर एएचची टाका, रात्रभर चालेल.’ (एएच म्हणजे अँपिअर-अवर: किती अँपिअर किती तास मिळतील याचा गुणाकार.) चालेल, पण मोजक्याच रात्री. मग एके दिवशी भलत्याच ठिकाणी गाडी सेल घेणार नाही.

आकार, टर्मिनल, डिस्टिल्ड वॉटर टाकायचं की नाही, हे फरक किरकोळ आहेत. खरा फरक आतल्या प्लेटांचा आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही.

स्टार्टर मारताना साधारण २०० अँपिअर ओढले जातात, पण फार तर तीन सेकंद. हिशेब केला तर ते जेमतेम ०.१७ एएच होतात. पुढे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारा जनरेटर, तेवढं लगेच भरून काढतो, त्यामुळे इंजिनाच्या बॅटरीचं सगळं आयुष्य जवळजवळ भरलेल्या अवस्थेतच जातं. एका झटक्यात इतका करंट द्यायचा तर ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग भरपूर लागतो. म्हणून तिच्यात पातळ, सच्छिद्र प्लेटा दाटीवाटीने बसवलेल्या असतात.

अशी बॅटरी हळूहळू खोलवर उतरवली, म्हणजे तिच्यातली बरीचशी वीज काढून घेतली, की दोन्ही बाजूंच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते मूळ पदार्थापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून प्लेट फुगते. चार्जिंगला पुन्हा आकसते. पातळ प्लेटेवरचा लेप ही ओढाताण फार काळ सोसत नाही. कण सुटून तळाशी गाळ होऊन बसतात. ते पुन्हा कधीच कामाला येत नाहीत. शिवाय उतरलेली बॅटरी तशीच आठवडाभर पडून राहिली तर सल्फेटचे खडे घट्ट होतात. पूर्ण उतरवण्याचे असे काही डझन प्रसंग तिला संपवायला पुरतात. ‘मेंटेनन्स फ्री’ लिहिलेली कॅल्शियमवाली बॅटरी टिकाऊ समजून लोक मुद्दाम घेतात, पण खोलवर उतरणं तर तिला आणखीच कमी सोसतं.

मुक्कामासाठी लागते ती डीप सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर उतरवण्यासाठीच बनवलेली बॅटरी. तिच्यात प्लेटा जाड आणि कमी असतात. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरमध्ये पॉझिटिव्ह बाजूचा लेप कापडी नळ्यांत बांधलेलाच असतो, त्यामुळे तो गळून पडत नाही. ती ३०० अँपिअरचा झटका नीट देणार नाही, पण पाच अँपिअर तासन्‌तास देत राहील. म्हणजे दोघींवर ‘१०० एएच’ छापलेलं असलं तरी त्यातले रोज किती काढायचे, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. इंजिनाच्या बॅटरीतून जवळजवळ काहीच काढू नये. शिशाच्या डीप सायकलमधून निम्मे काढावेत. थोडा वेळ विसावलेल्या बॅटरीवर मीटर १२.१ व्होल्ट दाखवू लागला की थांबायचं.

आता रात्रीचा हिशेब बघा. फ्रीजचा कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दहा तासांत साधारण २० एएच, १८ वॅटचा पंखा १५, लॅपटॉप तीन तास म्हणजे आणखी १५. झाले ५०. शिशाच्या १०० एएचची मर्यादा इथेच संपली, आणि सकाळी आभाळ भरलेलं असेल तर सोलरही हात देणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: व्हॅनमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या. १०० एएचमधले ८० बिनघोर वापरता येतात, वजन १२ किलोच्या आसपास आणि आयुष्य उतरवण्या-भरण्याच्या दोन हजार चक्रांच्या पुढे. घरची ट्युब्युलर उचलून गाडीत ठेवणं मला अजिबात पटत नाही. घाटात ॲसिड हिंदकळतं, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि आपण झोपतो तिच्यापासून हातभर अंतरावर. बजेट नसेल तर निदान सीलबंद एजीएम (शिशाचीच, पण ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली) तरी घ्या. लिथियमचं पथ्य एकच: शून्य अंशाखाली चार्ज करू नये. हिवाळ्यात स्पितीला जाणार असाल तर बॅटरी केबिनच्या आतच ठेवा.

लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लावण्याची सवयही सोडा. १२ चे २३० व्होल्ट करायचे आणि ॲडॉप्टरने त्याचे पुन्हा २० करायचे, यात दहा-वीस टक्के वीज नुसती उष्णतेत जाते. टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर १२ व्होल्टवर चालणारा पुरेशा वॅटचा पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जर थेट लावा.

दोन्ही बॅटऱ्या जाड वायरने सरळ जोडू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंटवर मर्यादा ठेवून मुक्कामाची बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर घाला, म्हणजे मुक्कामाचा भार इंजिनाच्या बॅटरीपर्यंत पोचतच नाही. त्या वायरीला दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हजवळ एकेक फ्यूज द्या, कारण शॉर्ट झाला तर करंट दोन्हीकडून येऊ शकतो.