'ब्लॅक सॅबथ' : समीक्षकांनी दारात उभं न केलेला अल्बम

पावसाची धार, लांबून येणारी चर्चची घंटा, आणि मग गिटारचे तीनच स्वर. खालचा सा, वरचा सा, आणि तिथून उतरून तीव्र मध्यमावर थरथरत थांबणं. 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम असा सुरू होतो. १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, तो ब्रिटनमध्ये बाजारात आला. आज हेवी मेटलची, म्हणजे रॉक संगीताच्या जड, कर्कश शाखेची गोष्ट बहुतेक जण इथूनच सांगायला घेतात. तेव्हाच्या समीक्षकांनी मात्र त्याला दारातही उभं केलं नव्हतं.

वाजवणारी चौघं पोरं बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली, कामगारवस्तीतली. गायक ऑझी ऑस्बर्न कत्तलखान्यात राबलेला. गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी तीच बोटं. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि गिटारला हलक्या तारा चढवल्या. त्याचा तो जड, दाबलेला आवाज घडण्यात या टोपणांचा मोठा वाटा आहे.

ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला जवळपास सगळा अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. वेष्टनाच्या आतला उलटा क्रॉस कंपनीने परस्पर छापला, आणि सैतानपूजेचा शिक्का बसला तो पोरांवर.

'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत-मासिकात समीक्षक लेस्टर बँग्जने लिहिलं, हे अगदी 'क्रीम'सारखं (ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतावर आधारलेला ब्रिटिश रॉक बँड), पण त्याहून वाईट. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ या दुसऱ्या अमेरिकी समीक्षकानेही अल्बम धुडकावला. तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरची लांबलेली गिटारबाजी ऐकताना क्रीमची आठवण येते, हे मला मान्य आहे. पण त्या पहिल्या तीन स्वरांना ब्लूजची मोजपट्टी कशी लावणार? तिथे समीक्षकांचा कान कमी पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऐकणारे थांबले नाहीत. अल्बम ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला, अमेरिकेत तेविसाव्या, आणि तिथल्या यादीत वर्षाहून अधिक काळ टिकला. १९७२ मध्ये खुद्द बँग्जनेच 'क्रीम' (Creem; बँडचं नाव Cream) नावाच्या मासिकात या बँडची बाजू घेणारा दीर्घ लेख लिहिला. २०१७ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने शंभर सर्वोत्तम मेटल अल्बम निवडले, त्यात हा पाचवा होता. पहिला होता याच चौघांचा 'पॅरानॉइड', बँग्जचं परीक्षण छापून आलं त्याच, १९७० च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेला.