पोटाचा कॅन्सर आणि सिस्टिनचं दार

"प्रोटीन बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल" हा मेसेज परत फिरायला लागलाय आणि तो वाचून जीव तुटतो, कारण पोटाच्या कॅन्सरमध्ये पेशंटचं वजन आधीच झपाट्याने उतरत असतं, त्यात प्रोटीन तोडलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून अमिनो आम्लं (प्रोटीन ज्यांपासून बनतं ते घटक) रक्तात सोडतं, म्हणजे गाठीला तिचा वाटा मिळतोच आणि माणूस तेवढा खंगतो. कृपा करून असलं काही पुढे पाठवू नका.

आता खरी गंमत. कॅन्सरच्या पेशी अमिनो आम्लांसाठी हपापलेल्या असतात हे खरं. त्यातल्या ग्लुटामिनबद्दल बरंच लिहिलं जातं, मला मात्र सिस्टिन जास्त आवडतं.

पेशीच्या आवरणात एक्ससीटी नावाचं दार असतं. एक सिस्टिन आत येतं, बदल्यात एक ग्लुटामेट बाहेर जातं. आत सिस्टिनचे दोन तुकडे होतात, त्यांना सिस्टीन म्हणतात (नावं जवळजवळ सारखी, इलाज नाही), आणि सिस्टीन, ग्लुटामेट, ग्लायसिन मिळून ग्लुटाथायोन बनतं. हे कशाला लागतं? पेशीचं आवरण चरबीचं, आणि पेशीतल्या लोहामुळे ती चरबी जुन्या तेलासारखी खवट व्हायला लागते. जीपीएक्स४ हे एन्झाइम ग्लुटाथायोन वापरून ते खवटपण जागच्या जागी थांबवतं. ग्लुटाथायोन संपलं की आवरणच नासतं आणि पेशी फुटते. या मरणाला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस नाव मिळालं.

पोटाच्या कॅन्सरच्या काही पेशींवर सीडी४४व्ही हे प्रोटीन असतं, ते या दाराला धरून ठेवतं, निखळू देत नाही, त्यामुळे या पेशी केमोलाही चिवटपणे तोंड देतात. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी हे दाखवलं. उंदरांमध्ये हे दार जन्मापासून काढून टाकलं तरी ते धडधाकट जगतात, म्हणून तर हे दार अडवण्यावर एवढी आशा!

दार अडवणारं एक औषध आपल्याकडे आधीच आहे, सल्फासालाझिन, संधिवातासाठी वर्षानुवर्षं वापरलं जातंय. जपानमध्ये पोटाच्या कॅन्सरच्या मोजक्या पेशंटवर ते तपासलं, काहींच्या गाठीत सीडी४४व्हीवाल्या पेशी कमी झाल्या. पण यासाठी संधिवातापेक्षा बराच मोठा डोस लागतो, आणि मोठ्या डोसला मळमळ होते, भूक जाते, तीही अशा माणसाची ज्याला दोन घास जाणंच मुश्किल झालंय. म्हणून आजही उपचार म्हणजे ऑपरेशन, केमो आणि गाठ तपासून ठरवलेली टार्गेटेड औषधं किंवा इम्युनोथेरपी, आणि सोबत पोटात जाईल तेवढं प्रोटीन.