सीमापार दूरचित्र साक्ष

एका देशातील न्यायालयात चाललेल्या प्रकरणात दुसऱ्या देशातील साक्षीदाराची जबानी थेट दृक्‌श्राव्य जोडणीवरून नोंदवण्याची पद्धत. आधी ध्वनिचित्रमुद्रित करून नंतर दाखवलेली जबानी यात धरत नाहीत, कारण तीत प्रश्नोत्तरे चालू असताना न्यायाधीशांना हस्तक्षेप करता येत नाही.

पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, हे निकषावर अवलंबून आहे. कायद्यातील तरतूद पाहिली, तर इंग्लंडच्या १९८८ च्या फौजदारी न्याय अधिनियमाचे कलम ३२ पुढे येते. त्याने युनायटेड किंग्डमबाहेरील साक्षीदाराला थेट दूरचित्रवाणी जोडणीवरून साक्ष देण्याची मुभा दिली. कार्यपद्धती हा निकष लावला, तर माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणाने आरोपी टाडिच याच्या खटल्यात २५ जून १९९६ रोजी दिलेला निर्णय महत्त्वाचा ठरतो. साक्ष इतकी महत्त्वाची असावी की तिच्याविना खटला चालवणे अन्यायाचे होईल, आणि साक्षीदार येण्यास असमर्थ वा नाखूश असावा, अशा दोन अटी त्यात होत्या. जागा शक्यतो दूतावास, न्यायालय किंवा न्यायाधिकरणाचे कार्यालय असावी, तेथे नेमलेला अधिकारी हजर असावा आणि साक्षीदाराला न्यायाधीश, आरोपी व प्रश्नकर्ता पडद्यावर दिसावेत, असेही ठरले. आजचे बहुतेक नियम याच साच्यातले असल्याने दुसरा निकष अधिक उपयुक्त वाटतो.

भारतात महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई (२००३) या प्रकरणात अमेरिकेतील डॉक्टरच्या साक्षीचा प्रश्न होता. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ मधील उपस्थिती म्हणजे केवळ शारीरिक उपस्थिती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. अमेरिकेत मात्र अकराव्या सर्किटच्या (संघीय न्यायव्यवस्थेतील एका विभागाच्या) अपील न्यायालयाने येट्स प्रकरणात (२००६) ऑस्ट्रेलियातून घेतलेली साक्ष आरोपीच्या समोरासमोर साक्ष होण्याच्या हक्काचा भंग ठरवली.

परवानगी : साक्षीदार राजी असला म्हणजे झाले, ही समजूत धोक्याची आहे. साक्ष घेणे हे अनेक देशांत शासनाचे काम मानले जाते. स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेचे कलम २७१ परकीय राज्यासाठी असे काम विनापरवाना करणे गुन्हा ठरवते. दिवाणी प्रकरणांतील दूरचित्र साक्षीपुरती ही बंदी २०२५ पासून अटींसह शिथिल झाली आहे. दिवाणी व व्यापारी प्रकरणांत परदेशातून पुरावा मिळवण्यासाठीच्या १८ मार्च १९७० च्या हेग पुरावा करारात दूरचित्राचा उल्लेख नाही. साक्षीदाराच्या देशातील न्यायालयाला विनंतीपत्र पाठवून कलम ९ खाली विशेष पद्धत मागणे, किंवा कलम १७ खाली आयुक्त (साक्ष नोंदवणारी व्यक्ती) नेमणे, या दोन वाटांनी दूरचित्र वापरतात. दुसऱ्या वाटेवर अनेक देशांनी हरकत नोंदवलेली असते, म्हणून ती आधी तपासावी लागते. फौजदारी प्रकरणांसाठी आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारीविरोधी करारात (२०००) कलम १८, परिच्छेद १८ ही तरतूद आहे.

भाषा व ध्वनी : बिघाड बहुधा चित्रात नसून आवाजात असतो. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संवाद सुरळीत चालतो. भूस्थिर उपग्रहावरून तो सुमारे २५० मिलिसेकंदांपर्यंत जातो आणि माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. दोन आवाज एकावर एक आले, की दुभाष्याच्या हाती अर्धे वाक्य राहते. त्यातून हरकतींचा घोटाळा होतो. वकिलाची हरकत पोहोचेपर्यंत सूचक (उत्तर सुचवणारा) प्रश्न साक्षीदाराला त्याच्या भाषेत सांगून झालेला असतो. म्हणून प्रश्न, थोडा थांबा, न्यायाधीशांची खूण आणि मग भाषांतर, असा क्रम सुरुवातीलाच ठरवावा.

दुभाष्याने कोठे बसावे, यावर एकमत नाही. साक्षीदाराजवळ बसल्यास त्याला हावभाव दिसतात व पुटपुटणे ऐकू येते, पण न्यायालयाला त्याच्यावर लक्ष ठेवता येत नाही. न्यायालयात बसल्यास देखरेख होते, मात्र प्रत्येक शब्द जोडणीतूनच त्याच्या कानी येतो. उलटतपासणी कसून होणार असेल, तर दुभाषा साक्षीदाराजवळ आणि शपथ दिलेला अधिकारी त्याच खोलीत, ही मांडणी अधिक सुरक्षित दिसते. वाक्यागणिक थांबून केलेल्या भाषांतराला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. तरीही साक्षीसाठी तेच पसंत करतात. एककालिक, म्हणजे बोलणे चालू असतानाच केलेल्या भाषांतरात दुभाषे २०–३० मिनिटांनी बदलावे लागतात. शिवाय ते मूळ आवाजाच्याच मार्गिकेवर मुद्रित झाले, तर मूळ उत्तर बुजते आणि भाषांतरातील चूक नंतर सिद्ध करता येत नाही. यासाठी मूळ भाषा व भाषांतर यांचे ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या मार्गिकांवर हवे. साक्षीदाराची बोलीही दुभाष्याशी अल्प संभाषण करून आधी पडताळावी. भाषेचे नाव जुळले म्हणजे बोली जुळतेच असे नाही.

खोलीतील व्यवस्था : सुरुवातीला कॅमेरा खोलीभर फिरवून कोण हजर आहे ते नोंदवतात आणि ओळखपत्र पाहतात. दस्तऐवजांच्या पृष्ठांकित प्रती आधीच पाठवतात. ‘एवढा’, ‘इथे’ अशा खुणेच्या उत्तराचे न्यायाधीशांनी शब्दांत वर्णन करून घ्यावे, अन्यथा नोंदीत काहीच उरत नाही. भारतातील सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या नमुना नियमांनुसार (२०२०) परदेशातील ठिकाणी भारतीय दूतावासाचा वा वाणिज्य दूतावासाचा अधिकारी समन्वयक असतो.

खोटी साक्ष : कोणत्या देशाने शिक्षा करावी, हा प्रश्न सर्वत्र सुटलेला नाही. युरोपीय संघाच्या फौजदारी प्रकरणांतील परस्पर साहाय्याच्या २००० च्या कराराच्या कलम १० नुसार, जेथे साक्षीदार बसला त्या देशाचा कायदा, जणू साक्ष तेथेच झाली अशा रीतीने लागू होतो. देसाई निकालात सर्वोच्च न्यायालयाने खबरदारी म्हणून असे सुचवले, की खुल्या न्यायालयात अशी साक्ष घ्यायची तर साक्षीदाराच्या देशाशी प्रत्यार्पण करार असावा आणि न्यायालयाचा अवमान व खोटी साक्ष हे तेथेही गुन्हे असावेत.